सावडीच्या कुरडया

भिजत घातलेल्या गव्हाला तिसऱ्या दिवशी जो वास सुटतो, त्याची आमच्या पुण्यातल्या इमारतीला ओळख नव्हती. समोरच्या फ्लॅटमधल्या आजोबांनी बेल वाजवून विचारलं, "तुमच्याकडे ड्रेनेज तुंबलंय का हो?" मी नाही म्हणालो. "मग खालच्यांचं असेल," म्हणत ते जिना उतरले. मी आत येऊन पातेल्यावरचं झाकण आणखी घट्ट दाबलं आणि आईला फोन लावला.

"वास येतोय."

"यायलाच पाहिजे. कसा येतोय?"

आता वास कसा येतो हे फोनवर कसं सांगणार? "आंबट," मी म्हणालो.

"आंबट चालतो. कुजका नको. पाणी बदललंस ना रोज?"

बदललं होतं. एक दिवस सोडून. तेवढं मी सांगितलं नाही.

हे सगळं सुरू झालं आईच्या मनगटापासून. फेब्रुवारीत ती न्हाणीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तरी मुठीत जोर नाही, चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने. संगमनेरला आमच्या घरी दरवर्षी पाच किलो गव्हाच्या कुरडया होतात. होळी झाली की आई गहू निवडायला बसते आणि अक्षय तृतीयेच्या आत डबे भरून माळ्यावर जातात. यंदा एप्रिल लागला तरी काही हालचाल दिसेना, म्हणून विचारलं तर म्हणाली, "यंदा राहू दे."

हे वाक्य आमच्या घरात मी त्याआधी एकदाच ऐकलं होतं, माझे आजोबा गेले त्या वर्षी. ज्या घरात माणूस गेलं त्या घराने त्या वर्षी वाळवण घालायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. त्या वैशाखात गल्लीतल्या चार घरांतून कुरडयांचे डबे आले होते आणि आजीने एकही डबा रिकामा परत पाठवला नव्हता, प्रत्येकात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. यंदा तर घरात कुणी गेलेलं नाही, आणि तरी "राहू दे". मला ते टोचलं. मी म्हणालो, "मी करतो." आई हसली. ती हसली नसती तर मी बहुधा विसरूनही गेलो असतो.

विकत मिळत नाहीत असं नाही. भीमथडी जत्रेत बचत गटांच्या बायका घेऊन बसतात, त्या कुरडया चांगल्या असतात, मी स्वतः आणल्या आहेत. पण त्या हसण्यानंतर विकतच्या आणणं शक्य नव्हतं.

तर एक किलो लोकवन गहू आणला. आईचा हा एक हट्ट, कुरडईला लोकवनच लागतो. हे नाव मुळात 'लोक-१', म्हणजे इंग्रजीतला 'वन'. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला हा वाण. मी कॉलेजात जाईपर्यंत तो कुठल्या तरी वनातून येतो असंच समजत होतो. असो. गहू भिजला, वास आला, समोरचे आजोबा येऊन गेले. चौथ्या दिवशी सकाळी मी ते गहू मिक्सरमध्ये घातले आणि छान बारीक होईपर्यंत फिरवले. इथे पहिली माती खाल्ली. गव्हाची सालसुद्धा इतकी बारीक झाली की गाळणीतून चिकाबरोबर, म्हणजे गव्हाच्या दुधाबरोबर, खाली आली आणि चीक पांढरा व्हायच्या ऐवजी चहाच्या रंगाचा झाला. तो रात्रभर निवळत ठेवायचा असतो. मला संध्याकाळी एक मीटिंग होती, म्हणून तीन तासांत उरकलं. पाण्याला उकळी आणली, डाव्या हाताने चीक ओतला, उजव्या हाताने ढवळला. छोल्याएवढ्या गुठळ्या झाल्या. घट्ट दिसला तसा गॅस बंद केला. सोऱ्यात भरून दाबेपर्यंत चीक थंड पडला, जाळीत अडकला आणि सोऱ्याची मूठ माझ्या हातात फिरायची ती सोऱ्यासकट फिरायला लागली.

गच्चीला सोसायटीचं कुलूप. किल्ली वॉचमनकडे, आणि गच्चीवर काही वाळत घालायचं नाही असा नियम. मग बाल्कनीत टॉवेल अंथरला. तिथे ऊन दिवसाचे तीन तास. चार दिवसांनी 31 कुरडयांपैकी पाच आख्ख्या उचलता आल्या, बाकीच्या हातात घेतल्या की भुगा. रंग लालसर. एक तळून पाहिली. ती फुललीच नाही, तेलात पडली तशीच बसून राहिली आणि करपली.

मी सगळा ऐवज एका डब्यात भरला आणि पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून संगमनेरला घेऊन गेलो.

आईने एक तुकडा उचलला, मोडला आणि मोडलेली कड उजेडाकडे धरली. "आत पांढरं आहे बघ. चीक कच्चा राहिला. शिजला की वाळल्यावर काचेसारखा दिसतो." मग विचारलं, "ढवळायला कोण होतं?"

"मीच."

"आणि ओतायला?"

"मीच."

"सोऱ्या भरायला?"

मी गप्प. एकट्याने जाऊन लग्न लावून आलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

आमच्याकडे शेतात सावड असते. आज चार घरांची माणसं माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या रानात. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशेब पक्का. ज्याने दोन दिवस दिले त्याला दोन दिवस मिळतात. आमच्या गल्लीतल्या बहुतेकांच्या जमिनी केव्हाच गेल्या, पण बायकांनी सावड सोडली नाही. कुरडया, पापड, शेवया हे सगळं अजून सावडीनेच होतं. आई यंदा कुणाकडेच गेली नव्हती, जाणार कशी? त्यामुळे तिने कुणाला बोलावलंही नव्हतं. "मी कुणाच्या दारात उभी राहिले नाही, मला कोण येणार? आणि आले तरी फेडू कशाने?" म्हणजे "राहू दे" हे त्या हिशेबातून आलं होतं. मी इतके दिवस नुसत्या मनगटाचंच धरून बसलो होतो.

"मी फेडतो," मी म्हणालो.

ती जरा वेळ गप्प बसली. मग चपला घालून शेजारच्या काकूंकडे गेली. काकूंच्या मुलीचं लग्न मे महिन्यात, रुखवतासाठी त्यांना दहा किलोच्या करायच्या होत्या. दोघींचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. अर्ध्या तासाने परत येऊन आई म्हणाली, "रविवार आपला, मंगळवार त्यांचा. आत्याला फोन लाव, तिला शनिवारी यायला सांग. तुझी सुट्टी आहे ना मंगळवारपर्यंत?"

नव्हती. ऑफिसला कळवली.

बुधवारी रात्री गहू भिजत पडले. निवडणं, तीनदा धुणं, मग गव्हाच्या वर वीतभर पाणी. झाकण नाही, नुसतं पातळ फडकं. माझ्या घट्ट झाकणामुळे वास कोंडला होता, एरवी तो इतका अंगावर येत नाही म्हणे. गुरुवारी पाणी बदललं तेव्हा ते नुसतं गढूळ होतं. शुक्रवारी वर बारीक बुडबुडे आणि ताकासारखा वास. शनिवारी दाणा टम्म फुगलेला. आईने एक दाणा माझ्या चिमटीत दिला. दाबला तशी साल फाटली आणि आतून दुधाचा थेंब आला. "असं दूध आलं की गहू झाला. दिवस मोजत बसायचं नाही. थंडी असली तर चौथा दिवसही लागतो." या तीन दिवसांत गहू आंबतो, दाण्याची चिवट पकड सैल होते आणि आतलं सत्त्व सुटून यायला तयार होतं. रोज पाणी बदललं की आंबटपणा हाताबाहेर जात नाही. मी जो एक दिवस वगळला होता, त्याचा निकाल इमारतीच्या जिन्यात लागला होता.

आत्या शनिवारी दुपारी एसटीने आली. तिला चाळीसगावला दिलेली. चाळीस वर्षं खानदेशात काढल्यामुळे ती सोऱ्याला साचा म्हणते आणि अक्षय तृतीयेला आखाजी. पिशवी ठेवायच्या आधी तिने फडकं बाजूला करून गव्हात हात घातला. "वहिनी, गहू बरोबर झालाय."

"त्याने घातलाय, वन्सं," आई म्हणाली. आत्याने माझ्याकडे पाहिलं, बोलली मात्र काही नाही.

वाटायला पूर्वी पाटा-वरवंटा होता. आता आमच्याकडे टेबलाच्या कडेला आवळायचं लोखंडी यंत्र आहे, वरून ओले गहू घालायचे आणि दांडा फिरवायचा. पाच किलोला मला दोन तास लागले. हे यंत्र गव्हाला पीठ करत नाही, नुसता फोडतं, आणि साल मोठीच्या मोठी राहते. मग ती फडक्यातून खाली येत नाही. मिक्सरने माझा घात कसा केला ते इथे दांडा फिरवता फिरवता समजलं.

वाटलेला गहू परातीत घ्यायचा, पाणी घालायचं आणि कणीक मळावी तसा मळायचा. पांढरंशुभ्र दूध सुटतं. ते आधी चाळणीतून आणि मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं. राहिलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी, पुन्हा मळणं. अशी तीन पाणी. तिसऱ्या पाण्यापर्यंत दूध विरळ होतं आणि हातात राहतो तो चोथा रबरासारखा ताणला जातो. हल्ली ज्याच्या नावाने लोक गहू सोडतात ते ग्लुटेन ते हेच. पाण्याबरोबर सत्त्व वाहून जातं, हे मात्र सालीला धरून एकमेकांत गुंततं. आत्याने तो चोथा टाकू दिला नाही. त्यात तिखट, मीठ, जिरं, तीळ घालून तिने भुसवड्या घातल्या. त्या तळल्यावर कुरडईपेक्षा मला जास्त आवडतात, पण हे आमच्या घरात मोठ्याने बोलायची सोय नाही.

दुधाचं पातेलं रात्री न्हाणीशेजारच्या कोपऱ्यात ठेवलं. तिथली फरशी थंड. त्याला रात्रभर धक्का लागू द्यायचा नाही. आत्या पाणी प्यायला उठली तेव्हाही भिंतीला धरून त्याला वळसा घालून गेली.

पहाटे चारला उठलो. रात्रभरात चीक तळाला बसलेला आणि वर पिवळट पाणी, ती निवळ. पातेलं मुंगीच्या पावलाने कलंडवून ती ओतून द्यायची. मी ओतत होतो आणि पांढरं दिसायला लागलं तसा थांबलो. "अजून," आई म्हणाली. चिकाच्या अंगावर पिवळ्या सायीसारखा एक पातळ थर असतो, तोही चमच्याने खरवडून काढायचा. तो राहिला की कुरडई काळवंडते. त्याच्याखाली मात्र चीक इतका घट्ट की बोट रोवलं तर ठसा उमटतो, आणि रंग चुना दिलेल्या भिंतीसारखा. छोट्या पातेलीने मोजला, सहा पातेल्या भरल्या. दोन-दोन पातेल्यांचे तीन घाणे ठरले. जेवढा चीक तेवढंच पाणी, एकास एक.

परसात आत्याने चूल मांडली होती. गॅसवरही होतं, पण मोठं पातेलं गॅसच्या शेगडीवर नाचतं आणि जाळ मधोमधच लागतो, हे तिचं म्हणणं मला नंतर पटलं. पाण्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल. मीठ चाखून फिकंच लागलं पाहिजे, कारण पाणी उडून जातं आणि मीठ सगळं कुरडईतच राहतं. आत्याला चिमूटभर पापडखार घालायचा होता, आईला नको होता. दोघींचा हा वाद माझ्या जन्माच्या आधीपासूनचा असावा. शेवटी दुसऱ्या घाण्यात खार घालायचा असं ठरलं. तळल्यावर कुठली कुरडई कुठल्या घाण्यातली ते दोघींपैकी एकीलाही ओळखता आलं नाही, पण दोघी आपापल्या जागी ठाम.

पाण्याला खळखळून उकळी फुटली. आता बघा, कामं कशी वाटली गेली. आत्याने दोन फडक्यांनी पातेल्याचे कान धरले, कारण ढवळताना ते चुलीवरून सरकतं. मी लाकडी चाटू घेऊन उभा. आईने तांब्यात सैल केलेला चीक घेतला आणि डाव्या हाताने धार धरली. बारीक, न तुटणारी धार. त्या मनगटानिशी झेपेल असं सबंध कुरडईतलं हे एकच काम होतं आणि तिने ते दुसऱ्या कुणाला दिलं नसतं.

"एकाच बाजूने फिरव. थांबू नको. तळाला लागतोय बघ, तळ खरवड."

पहिली दोन मिनिटं नुसतं दूध ढवळल्यासारखं वाटतं. मग एकदम काय होतं कळत नाही, चाटू जड होतो, चीक पातेल्याच्या कडा सोडून गोळा व्हायला लागतो आणि दंडातून कळ येते. पुण्यात मी इथेच गॅस बंद केला होता. "आत्ता कुठे सुरुवात आहे," आत्या म्हणाली. खालची लाकडं मागे ओढली, निखाऱ्यावर झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. पुन्हा ढवळणं. पुन्हा वाफ. हळूहळू पांढरा रंग जाऊन चिकाला काच चढते. चाटू उचलला की पडणारी लडी अर्धवट आरपार दिसते आणि चकाकते. आईने बोट पाण्यात बुडवून चिकाला लावलं. चिकटलं नाही. "उतरव."

सत्त्वाचा कण गरम पाणी पिऊन फुगतो, फुटतो आणि शेजारच्याला धरतो. ही धरपकड पुरी झाली तरच वाळलेली कुरडई एकसंध राहते. माझ्या कुरडयांचा भुगा का झाला ते असं.

तोवर काकू आणि त्यांची मुलगी आल्या होत्या, पलीकडच्या घरातल्या मामीही. पण सोऱ्याच्या आधी चीक खायचा. लहानपणी पहाटे उठायचं एकमेव कारण हेच होतं. वाटीत वाफाळता चीक, त्यावर तूप आणि साखर. काकू त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल घेतात आणि बरोबर लसणाची चटणी. दोन्ही खाऊन पाहिलं. मी तेलाच्या बाजूचा झालो.

आणि मग गच्ची. बाजांवर आणि फरशीवर धुतलेलं प्लास्टिक अंथरलेलं. चीक गरम असेतोवरच घालायचा असतो, म्हणून पातेलं गोधडीत गुंडाळून वर नेलं. मामी तेलाचा हात लावून सोऱ्या भरायच्या, मी दाबायचो, आत्या तुटलेली टोकं बोटाने जुळवायची, काकू पुढचा सोऱ्या हातात द्यायच्या. दोन सोरे, एक भरताना दुसरा चालू. एकट्याने भरायचं, दाबायचं, परत खाली वाकायचं म्हटलं तर चीक वाट बघत नाही. माझ्या पहिल्या चार कुरडया पाहून काकूंची मुलगी म्हणाली, "दादा, ही मॅगी झाली." हात एका जागी धरायचा नसतो, तीन फेऱ्यांत गोल पुरा करून मध्यावर सोडायचा असतो. दहाव्या कुरडईपासून जमलं.

मी वर गेलो तेव्हा बायकांचं बोलणं थांबलं होतं. दुसऱ्या घाण्यापर्यंत त्या मला विसरल्या, आणि गल्लीतल्या तीन घरांबद्दल मला जे कळलं ते मी इथे लिहू शकत नाही.

एक गोष्ट मात्र लिहितो. पूर्वी जिला शिवायचं नसे ती बाई वाळवणाच्या दिवशी गच्चीवर यायची नाही. तिची सावली पडली की कुरडया लाल होतात म्हणे. त्या रविवारी कुणी कुणाला काही विचारलं नाही. माझ्या पुण्याच्या कुरडया लाल झाल्या होत्या, आणि त्या घरात आठवडाभर मी एकटाच होतो.

साडेआठला तिसरा घाणा संपला. अकरा वाजता गच्चीवर अनवाणी पाय ठेवणं अशक्य. राखणीचं काम पुन्हा माझ्याकडेच, काठी आणि काळं कापड घेऊन जिन्याच्या सावलीत. कावळ्यांपेक्षा चिमण्यांचा त्रास जास्त. संध्याकाळी वरून कडक झालेल्या कुरडया उलथायच्या, तेव्हा खालची ओली बाजू प्लास्टिकला किंचित धरते, झटका दिला तर तुटते. सोमवारी दुपारी पश्चिमेकडून ढग चढले आणि वारा सुटला. "वळीव!" असं कुणीतरी ओरडलं आणि पाच मिनिटांत सगळ्या गल्लीच्या गच्च्या माणसांनी भरल्या. काकूंनी त्यांच्या शेवया सोडून आधी आमची बाज उचलली, कारण त्यांच्या शेवया वाळून झाल्या होत्या. पाऊस आला तो दहा-बारा थेंबांचा. चार वाजता पुन्हा ऊन.

मंगळवारी पहाटे साडेचारला मी काकूंच्या परसात हजर झालो. दहा किलोचा चीक, चार घाणे पांढरे आणि दोन रंगीत, एक गुलाबी, एक हिरवा. रुखवतात रंगीत कुरडई लागतेच, आणि आकारही ताटलीएवढा. मला फक्त सोऱ्या दिला. ढवळायला त्यांच्या जावा होत्या, त्या कामात माझ्यावर विश्वास नव्हता आणि तो नसणं योग्यच होतं. ताटलीएवढ्या कुरडईला पाच फेऱ्या लागतात. नऊ वाजता उजव्या तळव्याला फोड आला, दहाला फुटला. काकूंच्या माहेरची एक बाई मला पहिल्यांदाच बघत होती. तिने हळूच विचारलं, "हा कोण गं?"

काकू सोऱ्या भरता भरता म्हणाल्या, "वहिनींचा उजवा हात."

संध्याकाळी घरी आलो तर आई आणि आत्याने आमच्या कुरडया गच्चीवरून उतरवल्या होत्या. सुपात घेऊन हलवल्या की खळखळ वाजल्या, म्हणजे ओल राहिली नाही. मोजल्या, 163. त्यातल्या 11 मोडक्या. आईने एक कढईत सोडली. क्षणभर ती तळाला गेली आणि तिथून उमलतच वर आली, तिप्पट मोठी, पांढरी. आत उरलेल्या पाण्याच्या अंशाची वाफ होते आणि काचेसारखा झालेला चीक फुगतो, एवढंच त्यात घडतं. पण पुण्याच्या कढईत ते घडलं नव्हतं, त्यामुळे मी आणखी दोन तळायला लावल्या. पहिली देवापुढे गेली. बाकीच्या डब्यात, तळाशी कागद. पावसाळ्यानंतर एकदा ऊन दाखवलं की दोन वर्षं राहतात, राहिल्या तर. आत्याचा डबा वेगळा, काकूंच्या आणि मामींच्या घरी ताटली भरून.

जेवायला बसलो. ताटात कांद्याची कसलीशी भाजी, हिरवी मिरची घातलेली, शेवयांसारखी मऊ. घास घेतल्यावर चव ओळखीची लागली. माझ्या पुण्याच्या कुरडयांचा तो भुगा आईने दुपारी भिजत घातला होता.

"कच्च्या होत्या, म्हणून लवकर भिजल्या," ती म्हणाली आणि डाव्या हाताने आणखी एक डाव वाढला.